रिंगोबाईंचे दोन भक्त

मराठीचा मास्तर जपानात जाऊन काय करणार, असा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये पुष्कळांना पडला होता. भाची तोक्योत नोकरीला आहे, तिने "मामा, एकदा या की!" म्हणून बोलावले आणि मी गेलो, इतके साधे कारण. देवळे पाहिली, बागा पाहिल्या. पण मनात राहिले आहे ते शिंजुकूमधल्या एका लहानशा कॉफीच्या दुकानातले भांडण.

भांडणारी माणसे दोन. एक भाचीच्या कचेरीतले, माझ्याच वयाचे गृहस्थ. दुसरी त्यांच्या हाताखालची पंचविशीतली मुलगी. एरवी वरिष्ठांपुढे मान वर न करणारी ही मुलगी त्या दिवशी मुळीच ऐकत नव्हती. वाद जमिनीचा नव्हे, पगाराचा नव्हे. शीना रिंगो नावाच्या गायिकेचा! भाची मध्ये बसून मला एकेक वाक्य उलगडून सांगत होती.

'रिंगो' म्हणजे सफरचंद. १९९८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ही मुलगी गिटार घेऊन पुढे आली. पहिल्या आल्बमच्या नावात 'निर्दोष' असा शब्द, २००० सालच्या दुसऱ्याच्या नावात 'खटला जिंकणे'. हा दुसरा वीस लाखांवर खपला. एका गाण्याच्या चित्रफितीत ती परिचारिकेच्या वेशात काच फोडते. "ती काच आमच्यासाठी फुटली होती," गृहस्थ म्हणाले. त्यांचे दैवत मात्र २००३ सालचा आल्बम. त्याचे पूर्ण नाव दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही; शेवटी चेस्टनटची फुले आहेत, एवढेच सांगतो. गिटारीचा गदारोळ ओसरून तिथे कोतोसारखी जुनी वाद्ये येतात, आणि गाण्यांची नावे युद्धापूर्वीच्या लेखनपद्धतीने लिहिलेली! जपानी लेखन १९४६ साली सुधारले, आपले नियम १९६२चे. जुन्या अनुस्वारांसाठी अजून हळहळणाऱ्या माझ्यासारख्याला ही बाई तिथेच आवडून गेली.

त्या आल्बममध्ये गाणी अकरा. मधले सहावे 'देठ'. त्याच्या दोन्ही अंगांना नावे आरशात पाहावी तशी जुळलेली. वरून दुसरे परक्या शब्दाचे, तर खालून दुसरेही तसेच. एकूण वेळ ४४ मिनिटे ४४ सेकंद. आदल्या आल्बमची ५५ मिनिटे ५५ सेकंद. आमचे चित्रकाव्यवाले पंडित हे ऐकून बसल्या जागी माना डोलावतील.

"त्यानंतर संपलं," गृहस्थ म्हणाले. बाईंनी 'तोक्यो जिहेन' हा वाद्यवृंद काढला, तो २०१२च्या २९ फेब्रुवारीला मोडला, २०२०त पुन्हा जुळवला. मधल्या काळात जाझ आले, झगमगाट आला. २०१४ साली सरकारी नव्हे पण जवळजवळ तशाच नभोवाणीसाठी फुटबॉलचे गीत झाले. त्यावर राष्ट्राभिमानाचा अतिरेक म्हणून टीकाही झाली. २०१६ साली तर रिओ ऑलिंपिकच्या समारोपात तोक्योला ध्वज देण्याच्या कार्यक्रमाचे संगीत बाईंकडे! काच फोडणारी पोर दरबारात जाऊन बसली, हे त्यांचे दुखणे.

मुलगी शांतपणे म्हणाली, "मी तिला त्या फुटबॉलच्या गाण्यातूनच ओळखलं. तुमची ती काच माझ्या आईच्या कपाटात आहे."

गृहस्थ गप्प झाले. गप्प मीही झालो, पण माझे कारण वेगळे होते. कॉलेजात असताना आमच्याकडे एक कवी आले होते. त्यांचा पहिला संग्रह मला तोंडपाठ. त्यांनी खिशातून नव्या कवितांचे कागद काढले आणि मागच्या बाकावरून मी ओरडलो, "जुनी म्हणा, जुनी!" सगळा वर्ग ओरडू लागला. त्यांनी जुनी म्हटली, सुरेख म्हटली. कागद घडी करून परत खिशात गेले. त्या नव्या कविता मी पुढे वाचल्या. त्या माझ्यापर्यंत यायला पंधरा वर्षे लागली. तोवर ते राहिले नव्हते. वर्गात मर्ढेकर शिकवताना, 'शिशिरागम'नंतर 'काही कविता' वाचून बिचकलेल्यांना मी अजूनही हसतो. हा प्रसंग तेवढा सांगत नाही.

तेवढ्यात मुलीने पिशवीतून २०१९ सालची तबकडी काढून टेबलावर ठेवली. नाव 'तीन विषांचा इतिहास'. तीन विषे म्हणजे आपलेच राग, द्वेष, मोह. पहिल्या गाण्याच्या नावात त्यांची चिन्हे, कोंबडा, साप आणि डुक्कर. २००३ नंतर बाईंचे काहीही विकत न घेतलेल्या त्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, तबकडी उलटी केली आणि मागची यादी ते बोटाने मोजू लागले. वर सहा, खाली सहा, मधोमध 'तोक्यो'. मग एकेका नावातली अक्षरे. पाच. पाच. एका नावात स्वल्पविराम धरून पाच. तेराही नावे पाच-पाच चिन्हांची!

"अजून मोजतेय," ते पुटपुटले, आणि पहिल्यापासून पुन्हा मोजू लागले. कॉफी निवून गेली होती.