विश्लेषण : उभ्या ट्रकचे इंजिन तीन मिनिटांत बंद! न्यूयॉर्कचा नियम काय आहे?

ट्रक रस्त्याकडेला उभा, चालक केबिनमध्ये मोबाइल पाहतो आहे आणि इंजिन मात्र सुरूच. कुठल्याही शहरात दिसणारे हे दृश्य न्यूयॉर्कमध्ये मालकाला महागात पडू शकते. कारण समोरच्या पदपथावरून कुणीतरी त्याचा व्हिडीओ काढत असण्याची शक्यता असते.

नियम नेमका काय?

शहरात उभ्या वाहनाचे इंजिन तीन मिनिटांहून अधिक काळ सुरू ठेवता येत नाही. शाळेलगत ही मर्यादा अवघ्या एका मिनिटाची आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन दलाची वाहने यांना यातून सूट आहे. माल चढवण्या-उतरवण्याची यंत्रणा इंजिनवर चालत असेल, तर त्या कामापुरती सवलत मिळते. ट्रकचालकाला एसी किंवा हीटर हवा, ही सबब मात्र चालत नाही.

ट्रक नवा असला तरी धोका का?

आधुनिक डिझेल ट्रकमध्ये धुरावर युरियाचे द्रावण फवारले जाते. त्यामुळे घातक नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत होते. पण ही प्रक्रिया नीट होण्यासाठी धूर साधारण २०० अंश सेल्सिअस तापलेला लागतो. ट्रक बराच वेळ उभा राहिला की धुराचे तापमान उतरते, फवारा थांबतो आणि वायू जवळपास तसाच बाहेर पडतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या अनेक ट्रकमध्येही हीच यंत्रणा आहे. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे.

नियमाला धार कशी आली?

न्यूयॉर्कमध्ये असा नियम १९७० च्या दशकापासून आहे. मात्र प्रत्येक ट्रकमागे घड्याळ लावून उभे राहायला निरीक्षक आणायचे कुठून? त्यामुळे तो बराच काळ कागदावरच राहिला. २०१८ मध्ये शहराने ट्रक आणि बसविरोधात नागरिकांकडून व्हिडीओ पुरावे मागवण्यास सुरुवात केली. चित्रीकरणात वाहनाचा क्रमांक दिसावा आणि इंजिनचा आवाज ऐकू यावा लागतो. दंड ३५० डॉलरपासून सुरू होतो आणि त्याचा २५ टक्के वाटा तक्रारदाराला देण्याची तरतूद करण्यात आली. म्हणजे एका तक्रारीमागे किमान ८७.५० डॉलर. तक्रारी पाहता पाहता वर्षाला काही हजारांवरून लाखाच्या घरात गेल्या.

आक्षेप कोणते?

काहींनी याचा धंदाच केला, अशी वाहतूकदारांची तक्रार आहे. चालक आणि तक्रारदार यांच्यात रस्त्यावर हाणामारीचे प्रसंगही घडले. दंडाची नोटीस मालक कंपनीला जाते. रस्त्यावरचा राग मात्र चालक आणि नागरिक एकमेकांवर काढतात.

भारतात काय?

दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ मोहीम सुरू झाली. तिचा भर दंडापेक्षा आवाहनावर होता. न्यूयॉर्कमध्ये मात्र वेळ मोजणारा कुणी आणि दंड भरणारा मालक, हे दोन्ही ठरल्यावरच जुना नियम कागदावरून रस्त्यावर आला.