पंक्चर काढण्याची विद्या

सायकलचे पंक्चर काढणे हे वरवर क्षुद्र वाटणारे काम एखाद्या मुरलेल्या कारागिराशेजारी घटकाभर बसून न्याहाळले असता, त्यात चिकटविण्यापेक्षा शोधण्याचा भाग किती मोठा आहे, हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही. पुण्यातील पेठेतल्या ज्या दुकानात मी ते पाहिले, तेथील कारागिराने टायरची कड रिमबाहेर काढली, ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात थोडी थोडी बुडवीत फिरविली, आणि बुडबुडे उठले त्या जागी खूण केल्यावर, ठिगळाला हात लावण्यापूर्वी, टायरच्या आतल्या अंगावरून बोटे फिरवून बाभळीच्या काट्याचे मोडके टोक हुडकून उपटले. ते राहते तर साऱ्या दुरुस्तीवर तासाभरात पाणी पडले असते.

मग छिद्राभोवतीची चकाकी जाईपर्यंत कानस चालली. सोल्यूशन म्हणजे द्रावकात विरघळविलेले रबर. द्रावक उडून गेल्याखेरीज ते घट्ट धरीत नाही, म्हणून ते लावून कारागीर स्वस्थ थांबला, आणि बोटाला नुसता चिकटा लागतो अशी खात्री पटल्यावरच त्याने पॅच दाबून बसविला.

मालमोटारींच्या ट्यूबांसाठी कच्च्या रबराचा तुकडा शिकंजात आवळून, कित्येक दुकानांत तर जुन्या पिस्टनच्या पोकळीत पेट्रोल पेटवून, उष्णता देण्याची वहिवाट होती. गंधकयुक्त रबर तापविल्याने टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ साली उमगलेले तत्त्वच तेथे कामी येई, आणि ठिगळ ट्यूबशी एकजीव होई.

आता ट्यूबलेस टायरांच्या अमलात खिळा उपटावा, दातेरी सळईने छिद्र घासावे, चिकट पट्टी आत खुपसून उरलेली टोके कापावीत, की काही मिनिटांत गाडी मार्गस्थ होते. रात्री घाटात अडकलेल्या प्रवाशाला हा केवढा आधार आहे! परंतु चाक न उघडल्यामुळे टायरच्या आतील तुटके धागे वा दुसरी जखम कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. म्हणून सवड मिळताच टायर उतरवून आतून तपासणी करवावी आणि पक्का पॅच बसवून घ्यावा, हेच शहाणपणाचे. पद्धती बदलाव्यात, वेळही वाचावा. मात्र कारागीर टायर उघडून पाहू म्हणेल तेव्हा घाई न करता त्याला तेवढी मुभा द्यावी, आणि त्या पाहणीचा मोबदलाही घासाघीस न करता चुकता करावा, कारण त्याची खरी विद्या तीतच आहे.