दुरुस्तीनंतरची नादुरुस्ती

घरांतील घड्याळ, शिलाईचें यंत्र किंवा विहिरीवरील पंप दुरुस्तीस पाठविला म्हणजे तो सुधारूनच परत येणार, असें आपण गृहीत धरून चालतों; आणि पैसे देऊन छापील पावती हातांत पडली म्हणजे तर शंकेस जागाच उरत नाहीं. हें गृहीत सर्वदा खरें नसतें, याचा प्रत्यय आमच्या घरच्या मोटारसायकलीनें आम्हांस आणून दिला. त्या अनुभवांत थोडें यंत्रशास्त्र आहे आणि थोडी आमची स्वतःची चूकहि आहे. दोन्ही सांगण्यासारखीं आहेत.

गाडी नातवाची. कचेरींत जातांना तो धाकट्या बहिणीस मागें बसवून कॉलेजांत सोडतो. विक्रेत्याच्या कारखान्यांतून सर्व्हिसिंग होऊन गाडी आली. पावतीवर तेल बदलल्याची व चेन घट्ट केल्याची नोंद होती. तिसऱ्या दिवशीं नातू म्हणाला, "आजोबा, गाडी पहिल्यासारखी चालत नाहीं. दोघें बसलों आणि खड्डा आला कीं खालून कुरकुर होते, आणि चाक कोणीं धरून ठेवल्यासारखें वाटतें." आम्हीं पावती त्याच्यापुढें ठेविली आणि म्हटलें, "गाडी आतांच दुरुस्त होऊन आली आहे. तुझा वेग आवर, म्हणजे आवाज थांबेल." तो गप्प बसला. आठवड्यानें नात म्हणाली, "आजोबा, आवाज मलाहि येतो, आणि दादा हल्लीं सायकलीच्या वेगानें गाडी चालवतो." येत्या रविवारीं दोघें पांचगणीस जाणार होतीं. वाईपुढें पसरणीचा घाट लागतो, हें मनांत येतांच आम्ही चपापलों आणि नातवास घेऊन गल्लींतील जुन्या मिस्त्रीकडे गेलों.

मिस्त्रीनें चेन बोटानें वर-खालीं करून पाहिली, चाक थोडें फिरवून पुन्हां पाहिली आणि म्हटलें, "गुरुजी, चेन तारेसारखी ताणलीय. आणि चाकहि सरळ बसवलेलं नाही." पुढील अर्धा तास त्यानें आम्हांस जें समजावून दिलें, तें येथें देतों.

एंजिनाची शक्ति मागच्या चाकापर्यंत एका ठराविक क्रमानें पोंचते: एंजिनाकडून क्लच, क्लचकडून गिअरपेटी, तिच्या दांड्यावरील लहान दांतेरी चक्री, तिच्यावरून चेन, आणि चेननें फिरणारी मागच्या चाकाची मोठी चक्री. वाक्याच्या अन्वयांत एक पद चुकलें कीं सर्व अर्थ बिघडतो, तसेंच हें आहे. आजच्या रोलर चेनची मूळ रचना स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या हॅन्स रेनॉल्ड या यंत्रकारानें मँचेस्टर येथें १८८० सालीं सिद्ध केली. वस्तु जुनी व साधी. पण ती नीट बसविण्यास लक्ष लागतें.

सैल चेन निसटते हें सर्वांस ठाऊक असतें, म्हणून घट्ट चेन ती चांगली असा समज होतो. तो चुकीचा आहे. मागचें चाक ज्या लोखंडी चिमट्यांत बसविलेलें असतें, तो चिमटा आपल्या खिळीभोंवतीं वर-खालीं हलतो. पुढची चक्री त्या खिळीच्या थोडी पुढें असते. म्हणून माणसें बसून चिमटा वर गेला कीं दोन चक्र्यांमधील अंतर वाढतें. चक्री, खीळ आणि चाकाचा आंस एका रेषेंत आले म्हणजे तें सर्वांत अधिक होतें. याकरितां चेनला मुद्दाम कांहीं ढिलाई ठेवावी लागते. ती न ठेविल्यास उभ्या गाडीवर ठाकठीक दिसणारी चेन दोन माणसांच्या भारानें खड्ड्यांत कमालीची ताणते. तो ताण गिअरपेटीच्या व मागच्या चाकाच्या बेअरिंगवर पडतो. आणि चेन तुटून चाकांत अडकली तर चाक जागीं थांबून माणसें रस्त्यावर फेकलीं जातात.

ढिलाई किती असावी, हें गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत दिलेलें असतें. पुष्कळ गाड्यांस ती २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास असते; पण आपल्या गाडीचें पुस्तक तेंच प्रमाण मानावें, आणि गाडी कोणत्या स्टँडवर उभी करून मोजावें तेंहि त्यांतच पाहावें. खालच्या पदराच्या मध्यावर चेन वर-खालीं करून पट्टीनें अंतर मोजावें. चेन सर्व ठिकाणीं सारखी झिजत नाहीं. म्हणून चाक थोडें थोडें फिरवून अनेक ठिकाणीं मोजावें, आणि जेथें ती सर्वांत घट्ट लागेल तेथलें माप धरावें. आमच्या गाडीस पुस्तकाप्रमाणें निदान २५ मिलिमीटर हवे होते. घट्ट जागीं जेमतेम ८ भरले. हें सर्व एंजिन बंद ठेवून, गिअर काढून, हातानें चाक फिरवून करावें. चालत्या चेनशीं बोटें नेणाऱ्यांचीं बोटें तुटलेलीं आहेत.

आणखी कांहीं गोष्टी घरींच पाहतां येतात. चिमट्याच्या दोन्ही बाजूंस खुणा असतात. आंस दोन्हींकडे एकाच खुणेवर हवा, नाहीं तर चेन तिरपी धांवून चक्रीचे दांत एका बाजूनें खाते. आंसाचा नट पक्का असावा, आणि पिन असल्यास ती जागेवर असावी. चेनच्या जोडकडीस लॉक असल्यास त्याची बंद बाजू चेन ज्या दिशेस धांवते तिकडे असावी. चाक मागें-पुढें सरकविल्यानें मागच्या ड्रम-ब्रेकचें मापहि बदलतें, म्हणून तो पुन्हां जुळविला आहे कीं नाहीं हें निघण्यापूर्वींच पाहावें. चेन व दोन्ही चक्र्या झिजल्या असतील तर तिन्ही एकदम बदलाव्या. झिजक्या दांतांवर नवी चेन लवकर खराब होते.

तक्रार चेनची नसून क्लचचीहि असूं शकते. एंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाहीं, तर क्लच घसरतो आहे असें समजावें. क्लचच्या केबलला मुळींच ढील न ठेविल्यानें हें होतें, तसेंच चुकीच्या तेलानेंहि. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच एंजिनच्याच तेलांत बुडालेला असतो. मोटारगाडीच्या कांहीं तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात, आणि क्लचचें काम तर घर्षणावरच चालतें. म्हणून डब्यावर "जासो एम्. ए." अथवा "एम्. ए. २" ही खूण पाहावी, आणि पावतीवर तेलाचें नांव लिहून घ्यावें.

मिस्त्रीनें गाडीस पाना लावला नाहीं. "मी आत्ता सैल करून देईन, पण मग चूक कुणाची ते राहून जाईल. आधी त्यांनाच दाखवा," असें तो म्हणाला. आम्हीं खुणांचीं छायाचित्रें घेतलीं, मोजलेलें माप व पुस्तकांतील माप एका कागदावर शेजारीं शेजारीं लिहिलें आणि पावतीसह तो कागद विक्रेत्याकडे दिला. तेथील मुख्य कारागिरानें आमच्यादेखत मोजलें आणि सरळ कबूल केलें कीं, चेन जेथें सर्वांत सैल होती तेथेंच मापून ती ताणण्यांत आली होती. जुळणी विनामूल्य करून मिळाली. चेन एका जागीं फार झिजलेली निघाली, तेव्हां ती व चक्र्या आम्ही आमच्या खर्चानें बदलून घेतल्या. हुज्जतीचा प्रसंग आला नाहीं. तो येईल तेथें सदोष सेवेविरुद्ध दाद मागण्याची सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें केलेली आहे; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. मात्र त्या वाटेनेंहि कागद, माप आणि तारीख हींच उपयोगीं पडतात.

आतां आमच्या चुकीविषयीं. चूक कारागिराची झाली हें खरें. पण तो आठवडाभर दोन मुलें त्या गाडीवर फिरलीं, तीं आमच्यामुळें. रोज गाडीवर बसणारा मुलगा कांहीं सांगत होता, आणि आम्हीं त्याच्यापेक्षां त्या कागदावर अधिक विश्वास ठेविला. त्याचें वय पाहून आम्हीं निकाल दिला. गाडी पाहिलीच नाहीं. मोठ्या कुटुंबांत वडील माणसाचा एक शब्द पुरेसा होतो, म्हणूनच तो उच्चारण्यापूर्वीं तपासाची जबाबदारीहि त्याच्यावर अधिक येते. रविवारीं निघतांना आम्हीं नातवास सर्वांदेखत सांगितलें, "तुझें खरें होतें, आमचें चुकलें." त्यानें नमस्कार केला आणि चेनवर एकदां बोट ठेवून पाहिलें. मग दोघें पांचगणीस गेलीं, आणि दिवेलागणीच्या आंत सुखरूप परत आलीं.