तृतीयपंथीयांचे मेळे आणि रेल्वेवरचा कॅमेरा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, सारे आयुष्य कामगार संघटनेत घालवलेला हा माणूस बोनसवर बोलेल, किंवा फार झाले तर कंत्राटी पद्धतीवर बोलेल. आम्ही हा विषय सांगितला, तेव्हा बैठकीत थोडा वेळ शांतता पसरली. मग एका सभासदांनी विचारले, "यात कामगारांचा संबंध काय?" तो संबंध दाखवावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे वाचन कर्जत लोकलच्या डब्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, पाहिलेल्या व भोगलेल्या गोष्टींचा हिशेब म्हणून वाचकांनी याकडे पाहावे.

प्रथम आपला मुलूख डोळ्यांपुढे आणू. कल्याणला लोहमार्गाला फाटा फुटतो. एक वाट नाशिककडे जाते. दुसरी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने घेत कर्जतकडे वळते. ही दुसरी वाट १८५६ सालीच खोपोलीपर्यंत पोहोचली होती. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर १०६० सालचे. परंतु आजचे अंबरनाथ मंदिरापेक्षा कारखान्यांनी आणि स्टेशनाने घडवले. उल्हासनगर तर लष्करी छावणीच्या बराकींत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी उभे केले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. बदलापूर हे मुंबईत घर न परवडणाऱ्यांचे गाव. म्हणजे तिन्ही गावे, कोठून तरी निघून आलेल्या आणि रोज कोठे तरी जाणाऱ्या माणसांची. ज्यांना घरातून निघावे लागले, अशी आणखी एक जमात या गावांत राहते. आजचा विषय तिचा आहे.

या जमातीला कोणी हिजडा म्हणतात, कोणी किन्नर, कोणी तृतीयपंथी. अलीकडे पारलिंगी हा शब्दही रूढ होत आहे. शब्दांवरून वाद घालण्यापेक्षा, समोरची व्यक्ती स्वतःला काय म्हणवते ते विचारावे आणि तेच वापरावे, हा सोपा मार्ग आम्हाला बरा वाटतो. १९७१ असो की २०११, जनगणनेच्या कागदावर स्त्री आणि पुरुष यांपलीकडे माणसाला जागा मिळणे ही सोपी गोष्ट नव्हती. २०११ साली 'इतर' असा रकाना आला आणि देशात त्यात ४,८७,८०३ माणसांची नोंद झाली. त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रात होती. पुष्कळांनी खरे सांगण्याचे धाडस केले नसेल, हे उघड आहे.

आता मेळ्याकडे वळू. लोकलच्या खिडकीतून जो मलंगगड दिसतो, तो अंबरनाथ तालुक्यातच आहे. गडावर हाजी मलंगबाबांचा दर्गा आहे. हिंदू भाविकांपैकी पुष्कळजण त्या जागेला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. त्यावरून वादही झाले. मात्र वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे राहिली आणि उरूस भरतो तो माघी पौर्णिमेला, ही गोष्ट या मुलखाच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जाते. या उरुसाला तृतीयपंथीयांचे थवेच्या थवे येतात. कल्याणच्या फलाटावर त्या दिवसांत उभे राहावे. नव्या साड्या, केसांत गजरे, डोक्यावर चादरीचे ताट, कोणाच्या गळ्यात ढोलक. लांबून लांबून आलेल्या टोळ्या एकमेकींच्या गळ्यात पडत असतात.

बघणाऱ्याला ही जत्रेची मौज वाटते. पण आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला त्यात वेगळेच दिसते. या समाजात गुरू आणि चेला असे नाते असते. घरच्यांनी हाकललेल्या पोराला गुरू आसरा देतो, नवे नाव देतो, घराण्यात बसवतो. चेला कमाईचा वाटा देतो, सेवा करतो, गुरूच्या म्हातारपणी त्याला सांभाळतो. म्हणजे घर, विमा आणि पेन्शन या तिन्ही गोष्टी एकाच नात्यात गोवलेल्या. यात पिळवणूकही होते, ती आम्ही लपवणार नाही. जेथे कमाई दुसऱ्याच्या हाती जाते, तेथे ती होतेच. परंतु ज्यांना सरकारने किंवा नातलगांनी काहीच दिले नाही, त्यांनी आपल्यापुरती उभारलेली ही व्यवस्था आहे. आणि मेळा ही त्या व्यवस्थेची सर्वसाधारण सभा. कोणाचे हद्दीवरून भांडण असेल तर वडीलधाऱ्यांपुढे ते मिटते, वर्षभरात कोण गेले ते कळते, नव्या चेल्याची ओळख होते. मुख्य म्हणजे एरवी ज्याला सगळे वळून पाहतात, तो या गर्दीत दोन दिवस इतरांसारखा होतो. आमचे कामगार मे दिनाच्या मोर्चाला का येतात, हे ज्याला समजले, त्याला मलंगगडचा उरूस समजावून सांगावा लागणार नाही.

मग लोकलचा डबा यात कोठे येतो? या समाजाची जुनी कमाई बधाईची. मूल जन्मले, लग्न झाले की नाचून-गाऊन आशीर्वाद द्यायचा आणि दक्षिणा घ्यायची. चाळींच्या जागी इमारती आल्या, फाटकावर पहारेकरी बसला आणि बधाईची वाट अडली. तेव्हा जेथे फाटक नाही अशी जागा म्हणून गाडीचा डबा उरला. रेल्वेच्या कायद्याने गाडीत भीक मागायला मनाई आहे. काही ठिकाणी जबरदस्तीही होते. प्रवाशांची ती तक्रार खोटी नाही. पण पकडले जाण्याची भीती पत्करून माणूस चालत्या डब्यात टाळी वाजवीत फिरतो, तेव्हा त्याच्यापुढचे बाकीचे दरवाजे कोणी बंद केले, हाही प्रश्न त्याच तक्रारीच्या कागदावर लिहिला पाहिजे.

आता कॅमेरा. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा एक भाग उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांत हिजड्यांना लागू झाला. संशयितांच्या नावांची व मालमत्तेची नोंदवही ठेवायची, स्त्रीवेशात चारचौघांत दिसल्यास किंवा नाचल्यास अटक करायची; मृत्युपत्र करण्याचा, दत्तक घेण्याचा हक्क नाही. त्याच सुमारास, १८६८ ते १८७५ या काळात, 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह निघाला. जातीजमातींची माणसे समोर उभी करून खाली मजकूर छापायचा, अशी त्याची रीत. एका बाजूला पोलिसांची वही, दुसऱ्या बाजूला छायाचित्रांची वही. दोन्ही वह्यांत नोंदल्या जाणाऱ्या माणसाला कोणी विचारले नव्हते. ती रीत इंग्रजांबरोबर गेली असे समजण्याचे कारण नाही. आज डब्यात टाळी वाजली की दहा मोबाइल वर होतात, हे आपण रोज पाहतो.

दुसऱ्यांची कशाला, आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माघी पौर्णिमेला आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने फलाटावर उरुसाला निघालेल्या टोळीचा फोटो काढला. मागे लोकल उभी, संध्याकाळचे तिरपे ऊन, चेहऱ्यांवर हसू. फोटो खरोखर सुरेख होता. आम्हीच तो युनियनच्या वार्षिक अहवालासाठी निवडला आणि खाली सर्वधर्मसमभावावर दोन ओळी लिहिल्या. त्या टोळीत आमचा एक सभासद होता. तो एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता. पँट-शर्टात कामावर येणारा तो वर्षातून एकदा साडी नेसून गडावर जात असे, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि चेहरा पाहूनही आम्ही ओळखले नाही. इतरांनी ओळखले. आठवडाभरात कंत्राटदाराने त्याला काम नाही म्हणून सांगितले. घरमालकाने खोली सोडायला लावली.

तो कचेरीत आला. आम्ही रागाने म्हणालो, उद्याच गेटवर बसू. तो म्हणाला, "भाऊ, माझ्या पगारासाठी तुम्ही चार दिवस गेटवर बसला होतात. फोटो छापताना मला एकदा विचारायचं होतंत." आम्ही गेटवर बसलो, पत्रे लिहिली, काम परत मिळाले नाही. दोनेक वर्षांनी सकाळच्या लोकलमध्ये टाळी ऐकून मान वर केली, तर समोर तीच व्यक्ती. आम्ही दहाची नोट पुढे केली. तिने ती घेतली नाही. आमच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या बाकाकडे गेली. अहवालाच्या त्या अंकाच्या उरलेल्या प्रती आम्ही पुढे वाटल्या नाहीत. पण वाटलेल्या परत आणता येत नाहीत.

तेव्हापासून आम्ही छायाचित्रणाबद्दल मिळेल ते वाचू लागलो. कॅमेऱ्याचे यंत्र साधे आहे. पडदा क्षणभर उघडतो आणि प्रकाश आत येतो. पडदा सेकंदाचा पाचशेवा भाग उघडा ठेवला तर धावती गाडीही जागच्या जागी थांबलेली दिसते. तोच काही क्षण उघडा ठेवला तर उभी वस्तू स्पष्ट येते आणि चालणारी माणसे पुसट होतात. सेबास्तियाव साल्गादो या ब्राझीलच्या छायाचित्रकाराने १९९५ साली चर्चगेट स्टेशनाचे असे एक प्रसिद्ध छायाचित्र घेतले: दोन्ही बाजूंच्या गाड्या रेखीव आणि मधून माणसांची नुसती नदी वाहते आहे. त्यात एकही चेहरा ओळखू येत नाही, तरी मुंबईचा कामगार पुरता दिसतो. म्हणजे चेहरा न दाखवताही सत्य सांगता येते. कोणाला स्पष्ट दाखवायचे आणि कोणाला गर्दीत राहू द्यायचे, हा निर्णय यंत्राचा नसतो, माणसाचा असतो.

चेहरा दाखवायचाच असेल, तर त्याचीही रीत आहे. दयानिता सिंग यांनी दिल्लीच्या मोना अहमद यांची छायाचित्रे वर्षानुवर्षांच्या मैत्रीतून काढली. २००१ साली त्यांचे पुस्तक निघाले, तेव्हा मोनांचे बोलणे मोनांच्याच शब्दांत छापले गेले. याच्याही पुढचा टप्पा आपल्या लोकलच्या डब्यातच घडला. झोया थॉमस लोबो या मुंबईच्या लोकलमध्ये पैसे मागत. त्याच पैशांतून त्यांनी जुना कॅमेरा विकत घेतला. १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीत वांद्रे स्टेशनाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी उसळली, तेव्हा त्यांनी काढलेली छायाचित्रे देशापुढे गेली आणि देशातील पहिल्या पारलिंगी छायाचित्र-पत्रकार म्हणून त्यांचे नाव झाले. ज्यांच्याकडे दीडशे वर्षे कॅमेरा रोखलेला होता, त्यांच्यापैकी एकीने तो हातात घेतला आणि अडकून पडलेल्या मजुरांकडे वळवला. व्याख्यानमालेच्या त्या सभासदांना कामगारांचा संबंध हवा होता, तो हा.

कायदाही जागचा हलला आहे. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी ज्या खटल्यात उतरल्या होत्या, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिला आणि तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ साली संसदेने कायदा केला. त्यातील दाखल्याच्या तरतुदींवर त्याच समाजातून टीका झाली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आपल्या राज्यातील पोलीस भरतीत त्यांना अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. परंतु नोकरी दिली म्हणजे काम संपले असे नाही. २०१७ साली कोचीच्या मेट्रो रेल्वेने तेवीस तृतीयपंथीयांना कामावर घेतले. साऱ्या देशाने कौतुक केले. त्यांतल्या काहींनी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कोणी खोली भाड्याने देईना. तिकीटखिडकीच्या आत जागा मिळाली, पण रात्री पाठ टेकायला मिळाली नाही. आमच्या सभासदाचेही नेमके हेच झाले होते: काम गेले त्याच आठवड्यात खोली गेली.

म्हणून शेवटी तीनच गोष्टी मागतो. फलाटावर किंवा गडावर फोटो काढावासा वाटला तर आधी विचारा, आणि 'नाही' म्हटले तर मोबाइल खिशात ठेवा. तुमच्या हाती कामाची जागा असेल तर ती द्या, आणि खोली असेल तर तीही द्या. एकाशिवाय दुसरी टिकत नाही. आणि आमच्या कामगार बंधुभगिनींना सांगणे असे की, कोण आपल्या शेजारच्या यंत्रावर उभा आहे हे आपल्याला पूर्ण ठाऊक असते असे समजू नका. त्याने सांगितले तर ऐका, न सांगितले तर त्याच्या वतीने जगाला सांगू नका.

दर माघात आम्ही अजूनही कल्याणच्या फलाटावर जातो. टोळ्या येतात, ढोलक वाजते, गाडी लागते. आमचा मोबाइल त्या वेळी खिशातच असतो. पुष्कळ वेळा ओळखीचा चेहरा शोधतो. आजवर दिसला नाही. दिसला, तर क्षमा मागण्याचे राहून गेले आहे.