दहावीचा निरोप : शिरूर-दौंडच्या शाळांतली सहा वर्षे

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत दहावीचा निरोप समारंभ जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी होतो. सराव परीक्षेचे पेपर तपासून हातात आलेले असतात, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा समोर असते, बोर्डाची लेखी परीक्षाही फार दूर नसते. नेमक्या याच दिवसांत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम जोरात असतो. शाळेकडे येणाऱ्या रस्त्यांवरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, आणि दौंड तालुक्यातल्या केडगाव-राहू पट्ट्यात गुऱ्हाळांच्या काकवीचा वास हवेत भरलेला असतो. हायस्कूलच्या आठवणी सांगायला मुले उभी राहतात ती या हवेत.

त्या आठवणींत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो : सहा वर्षे. पाचवी ते दहावी. सहा वर्षे कशी गेली कळलेच नाही, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मनोगतात असते. पण एका वर्गातल्या सगळ्यांची सहा वर्षे नसतात. बऱ्याच गावांत आणि वाड्या-वस्त्यांवर जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत असते, काही ठिकाणी सातवीपर्यंत. त्यामुळे काही मुले हायस्कूलला पाचवीत येतात, काही आठवीत. आठवीत आलेल्यांची वर्षे तीनच. तरी तीही बोलताना सहाच म्हणतात. वर्गाचा आकडा हा आपला आकडा, असे त्यांनी मनोमन मानून टाकलेले असते.

२०२६ च्या परीक्षेच्या वर्गाचा आकडा तर आणखी जपून मोजावा लागतो. ही मुले पाचवीत गेली जून २०२० मध्ये, करोनामुळे शाळांना कुलूप असताना. पाचवी ते आठवीचे वर्ग राज्याच्या बहुतेक भागात २७ जानेवारी २०२१ पासून भरू लागले, दुसऱ्या लाटेत बंद पडले, आणि ग्रामीण भागात ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडले. नव्या शाळेचे पहिले वर्ष म्हणजे घरातला एकुलता मोबाइल, तोही वडिलांबरोबर सकाळी रानात किंवा कंपनीत गेलेला. वर्गशिक्षकांचा आवाज आधी ओळखीचा झाला, चेहरा नंतर. पाचवीत जेमतेम काही आठवडे बाकावर बसलेल्या या वर्गाने ‘सहा वर्षे’ म्हणताना हरवलेले वर्षही पदरात धरले आहे. ते धरण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

दोन्ही तालुक्यांतले वर्ग एकाच गावच्या मुलांचे राहिलेले नाहीत. शिरूरमध्ये रांजणगाव गणपतीची औद्योगिक वसाहत आणि पुणे-नगर रस्त्यावरचे शिक्रापूर, सणसवाडीचे कारखाने यांमुळे मराठवाडा-विदर्भातून आणि उत्तरेकडच्या राज्यांतून कुटुंबे येऊन राहिली. त्यांची मुले आठवीत, नववीत मध्येच दाखल होतात. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चारही दिशांना तिथून गाड्या जातात. शिवाय राज्य राखीव पोलीस बलाचे गट तिथे आहेत. वडिलांची बदली झाली की मूल वर्ग सोडून जाते. त्यामुळे दौंडच्या वर्गात मागे वळून पाहताना अर्ध्यावर निघून गेलेल्या मित्रांची नावे आपोआप निघतात. केडगावला आणखी निराळे चित्र आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना जिथे आसरा मिळाला, त्या मुक्ती मिशनच्या आवारात शाळा आणि वसतिगृह शेजारी शेजारी आहेत. तिथल्या मुलीला शाळेचा निरोप घेणे म्हणजे काय वाटत असेल, हे घरी जाऊन डबा ठेवणाऱ्या मुलीच्या अनुभवावरून ठरवता येत नाही.

शाळेची खरी आठवण बहुतेकांच्या बाबतीत शाळेच्या फाटकाबाहेर सुरू होते. २००९ मध्ये राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आले, तेव्हा वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी असे उद्दिष्ट ठेवले गेले. कागदावर पाच किलोमीटर जवळच दिसते. चासकमानचा कालवा, घोड धरणाचा फुगवटा, भीमा-मुळामुठेचे काठ आणि रेल्वेचे फाटक मध्ये आले की तेच अंतर तासाभराचे होते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, आणि या योजनेने मुलींची जेवढी शाळा टिकवली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने टिकवली असेल. मात्र गाडी वेळेवर आली तरच पासचा उपयोग. फाट्यावर उभे राहून काढलेले तास हा मुलींच्या आठवणींचा मोठा भाग असतो. मैत्री तिथे जुळते, पाठांतर तिथे होते, भांडणेही तिथेच मिटतात.

वाटेवर ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. दाट फडात मादी पिले घालते. तोड सुरू झाली की आसरा मोडतो आणि बिबटे हलतात. शिरूरच्या पिंपरखेड-जांबुत परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन लहान मुले होती. या भागातल्या दहावीच्या वर्गासाठी घोळक्याने चालणे, मोठ्याने बोलत जाणे, शेवटच्या मुलाला दारापर्यंत पोचवून मगच पुढे निघणे हा रोजचा शिरस्ता झाला. मनोगतात मुले हे सांगत नाहीत. त्यांना ती सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही, आणि तेच मनाला लागते.

दुसरी आठवण वासाची आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच्या मुलांना मिळतो. मधल्या सुट्टीआधी खिचडीचा वास नववी-दहावीच्या वर्गातही येतो, पण ताटात खिचडी येत नाही. पहाटे आई ऊस खुरपायला किंवा कंपनीच्या पहिल्या पाळीला गेलेली असेल, तर डबा असेलच असे नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशींची नजर अशा मुलांना बरोबर हेरते; उरली तर हाक येते. समारंभात सत्कार मुख्याध्यापकांचा, प्रमुख पाहुण्यांचा आणि देणगीदारांचा होतो. ज्या शाळांत मुले हट्टाने या मावशींच्या हातीही गुलाबाचे फूल देतात, त्या शाळांत काहीतरी नीट शिकवले गेले आहे असे खुशाल समजावे.

शिरूर तालुक्यातल्या पाबळची आठवण हाताला चिकटलेली असते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकावे, या त्यांच्या कल्पनेतून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला. वेल्डिंग, विजेची जोडणी, माती परीक्षण, कोंबड्या, स्वयंपाक आणि आरोग्य, सगळे त्यात येते. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा पाण्याची वाट पाहणारा भाग. तिथल्या मुलाने स्वतः जोडलेला दिवा किंवा स्वतः जोडलेले लोखंडी स्टूल शाळेत मागे राहते, आणि सहा वर्षांचा हिशेब देताना तो त्याकडे बोट दाखवू शकतो. असे बोट दाखवण्यासारखे काही प्रत्येक शाळेत असायला हवे होते.

समारंभाची तयारी बहुधा नववीचा वर्ग करतो. वर्गणी, फुगे, रांगोळी, कलाशिक्षकांनी रंगीत खडूंनी सजवलेला फळा. सरस्वतीपूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ हे क्रमाने होते. मुली आईच्या किंवा काकूच्या साड्या नेसून येतात. सकाळपासून निऱ्या सांभाळण्यात वेळ जातो. मग मनोगते सुरू होतात.

मनोगताचा साचा ठरलेला आहे. वंदनीय गुरुजन, ज्ञानमंदिर, मातीच्या गोळ्याला आकार देणारे हात. कागद बाईंनी तपासून दिलेला असतो किंवा मोबाइलवरून उतरवलेला. मूल तो धडाधड वाचत जाते आणि सभागृह शांतपणे ऐकते. एखाद्या जागी मात्र वाचणारा अडतो, कागद खाली घेतो आणि स्वतःचे बोलू लागतो : सरांनी परीक्षेची फी भरली होती आणि घरी कळू दिले नव्हते; सहलीला पैसे नव्हते म्हणून आजारी असल्याचे सांगितले होते; गणितात नापास झाल्यावर मॅडम घरी आल्या आणि आईशी चुलीपुढे बसून बोलल्या. ही वाक्ये तुटक असतात, व्याकरण घसरते, बोलीतले ‘व्हतं’, ‘गेलतो’ बाहेर पडते. तीच ऐकताना शिक्षक चष्मा काढतात. या दोन-तीन वाक्यांसाठीच हा समारंभ व्हावा.

बोलण्याची संधी मात्र बहुधा पहिल्या बाकावरच्यांना मिळते. यादी वर्गशिक्षक करतात. पाठांतर चांगले, आवाज खणखणीत, गुण चांगले. ऊस तोडणीच्या दिवसांत निम्मी हजेरी असलेला, घरची जनावरे पाहून येणारा, दहावीनंतर आयटीआय किंवा थेट कंपनीची वाट धरणारा मुलगा खुर्च्या उचलायला पुढे असतो आणि माइकपाशी नसतो. शाळा म्हणजे काय हे त्याच्याइतके कुणी कष्टाने मिळवलेले नाही. पाच मनोगतांपैकी दोन तरी चिठ्ठी टाकून निवडावीत. कार्यक्रम जरा विस्कळीत होईल, पण वर्गाची सहा वर्षे पुरती समोर येतील.

वर्ग शाळेला भेट देतो : भिंतीवरचे घड्याळ, ध्वनिक्षेपक, पाण्याचा फिल्टर. मसालेभात आणि जिलेबी होते. शिक्षक खुर्च्यांवर, मुली मध्ये, मुले मागच्या बाकांवर उभी, असा फोटो निघतो. पुढे परीक्षा, निकाल, अकरावीचे अर्ज. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो, त्यामुळे शेजारच्या गावच्या कॉलेजसाठीही पसंतीक्रम भरावा लागतो.

शाळेच्या बाजूने मागे वळून पाहण्याचे काम कार्यालयातले लिपिक, गावाच्या बोलीत भाऊसाहेब, करतात. जनरल रजिस्टर उघडायचे आणि शाळा सोडल्याचा दाखला लिहायचा. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, कारण. वर्तणुकीपुढे ‘चांगली’ असे पडते, अगदी खिडकीची काच फोडलेल्याच्याही. एका अक्षराची चूक पुढे नोकरीपर्यंत छळते, म्हणून भाऊसाहेब नाव दोनदा वाचून दाखवतात. सहा वर्षांचा हा एवढाच सरकारी लेखाजोखा.

२०२१ च्या वर्गाला समारंभ मिळाला नाही. करोनामुळे परीक्षाच रद्द झाली. नववी आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, राज्यात ९९.९५ टक्के. टिंगल पुष्कळ झाली, ती अन्यायाची होती. त्या मुलांनी परीक्षा टाळली नव्हती.

वीस-पंचवीस वर्षांनी स्नेहमेळावा भरतो, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. घंटा होते, प्रार्थना होते, हजेरी घेतली जाते. गेलेल्या मित्रांसाठी क्षणभर उभे राहतात. इथे कागद नसतो. तेव्हा खुर्च्या उचलणारा आता ट्रॅक्टरचा मालक किंवा कंपनीत सुपरवायझर असतो आणि भरभरून बोलतो. अवघड काम मुलींना शोधण्याचे. रजिस्टरमध्ये वडिलांचे नाव आणि माहेरचे गाव असते, सासरचे आडनाव नसते. मग भाऊसाहेबांकडून जुनी पाने पाहून, भावांना गाठून, एकीकडून दुसरीचा नंबर मिळवत यादी तयार होते. ज्या वर्गांनी हे काम चिकाटीने केले, तिथे मेळाव्याची वेळ सकाळची ठेवावी लागते. लांबच्या गावी दिलेल्या मैत्रिणींना संध्याकाळची एसटी गाठायची असते.