मुलांचा पैसा (भाग ५) : दान कोणाच्या खिशातून?

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे काही छोटे ब्राह्मी लेख आहेत. चैत्यगृहाच्या खांबांवरचे दोन लेख पैठणच्या दात्यांचे. त्यातला एक गंधिक कुळातल्या मितदेवाचा आणि दुसरा संघकाच्या मुलांचा. याच लेण्यांत मगिल नावाच्या राजवैद्याने दिलेल्या दानाचीही नोंद आहे. पण त्याचे कुटुंब एवढ्यावर थांबत नाही. राजवैद्य मगिलाची मुलगी दत्ता हिच्या दानाचा लेख वेगळा आहे आणि मुलगा दत्तक याच्या दानाचा आणखी वेगळा. बापाने एकाच लेखात सगळ्या घरादाराला पुण्याचे वाटेकरी करून मोकळे व्हावे, ही सोय त्या काळीही होती. सह्याद्रीतल्या कितीतरी लेण्यांत दात्याने आईवडील, बायको, मुले अशी सगळ्यांची नावे आपल्या एका दानाला जोडली आहेत. मगिलाच्या घरी तसे झाले नाही. लेखांत वये नाहीत आणि ही मुले तेव्हा चांगली कर्तीसवरतीही असतील, म्हणून बालसंगोपनाचा धडा म्हणून हे लेख वाचणे फाजीलपणाचे होईल. एक गोष्ट मात्र त्यांतून स्वच्छ दिसते. बापाचे दान बापाचे, लेकीचे लेकीचे आणि लेकाचे लेकाचे, असा हिशेब या जिल्ह्यात कोणीतरी दगडात कोरून ठेवला आहे.

आज आपण मुलांना दान शिकवतो ते कसे? कर्णपुऱ्याच्या यात्रेत देवीपुढे, दर्ग्याच्या दारात, विहारातल्या दानपेटीपाशी किंवा सिग्नलला हात पसरणाऱ्या बाईसमोर आपण खिशातून दहाची नोट काढतो, ती मुलाच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘टाक बाळा.’ बाळ टाकते. आपल्याला बरे वाटते, बघणाऱ्यांना कौतुक वाटते आणि मुलाने काय केलेले असते? पोस्टमनने मनिऑर्डर पोचवावी तशी त्याने एकाची नोट दुसऱ्याकडे पोचवलेली असते. त्याचे काहीच गेले नाही आणि देऊ की नको, हेही त्याने ठरवले नाही. मागच्या भागात आपण गल्ल्याविषयी, म्हणजे साठवण्याविषयी बोललो. त्यानंतर अनेक पालकांना वाटते की बचत हा एक धडा, दान हा दुसरा, आणि दुसरा धडा संस्कारांच्या तासाला घ्यायचा. मला हे पटत नाही. स्वतःच्या मालकीचा पैसा हाताळल्याशिवाय मुलाला देणे येत नाही. जो पैसा आपला आहे, जो आपण खाऊवर उडवू शकलो असतो आणि तरीही दिला, तेवढेच देणे शिकणे म्हणून मोजावे.

याला संस्कारांपलीकडचा आधार आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लारा अकनिन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी दोन वर्षांखालच्या मुलांवर एक प्रयोग केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांना खाऊ दिला आणि समोर एक बाहुला बसवला. कधी प्रयोग करणारीने स्वतः बाहुल्याला खाऊ दिला, कधी तिने आणखी एक खाऊ काढून तो मुलाला बाहुल्याला द्यायला सांगितला, तर कधी मुलाने आपल्याच वाटीतला द्यावा असे सुचवले. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद नंतर मोजला, तर खाऊ मिळण्यापेक्षा देताना तो जास्त दिसला. त्यातही आयता मिळालेला खाऊ पुढे करण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला देताना अधिक. पुढच्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या नादिया चेर्न्याक आणि तामार कुश्नीर यांचा अभ्यास आला, तो थोड्या मोठ्या, बालवाडीच्या वयाच्या मुलांचा. एका दुःखी बाहुल्याला स्टिकर द्यायचे होते. काही मुलांना द्यायला लावले, तर काहींना स्टिकर स्वतःकडे ठेवायची मोकळीक होती आणि तरी त्यांनी दिले. नंतर दुसऱ्याच एका बाहुल्याशी वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा ठेवायची मोकळीक असताना ज्यांनी दिले होते, त्यांनी जास्त स्टिकर दिले. ज्यांना पर्यायच नव्हता, ती मुले मागे राहिली. दोन्ही प्रयोग छोटे आहेत, परदेशी आहेत. त्यांवर इमारती बांधू नयेत. पण दोन्हींचे बोट एकाच ठिकाणी जाते. देणे तेव्हा मुरते, जेव्हा ते आपल्या वाटीतून निघते आणि न देण्याची मुभा असताना निघते.

आपल्याच परंपरांकडे नीट पाहिले तर त्यांनीही देण्याला हिशेबाची जोड दिलेली आहे, आपण तेवढा भाग विसरतो. जकात घ्या. ती हवी तेव्हा, मनाला येईल तेवढी द्यायची गोष्ट नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती चांद्रवर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळीसावा भाग, म्हणजे अडीच टक्के द्यायचा. याचा अर्थ आपल्याकडे काय आहे, किती दिवस आहे, कर्ज किती, हे मांडल्याशिवाय जकात निघतच नाही. रमजानमध्ये शहागंज-बायजीपुऱ्यातल्या घरांत वही उघडावीच लागते. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी मागितला तो मिळकतीचा विसावा भाग. ज्या शहरात त्यांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे केले, तिथल्या नागसेनवनाच्या वाटेवर वाढणाऱ्या मुलांना हा अंश पाठ असायला हवा. चाळीसावा आणि विसावा हे अपूर्णांक आहेत आणि अपूर्णांक काढायला आधी पूर्णांक माहीत लागतो. ‘जे हाताला येईल ते टाक’ असे यांतला कोणताही नियम म्हणत नाही. पाचवीच्या मुलाला महिन्याला शंभर रुपये मिळत असतील, तर त्याचा विसावा भाग पाच रुपये. ते त्याने स्वतः काढावेत, वहीत लिहावेत आणि कुठे द्यायचे हेही त्यानेच ठरवावे. शाळेतल्या गणिताच्या तासाला अपूर्णांकांसाठी इतके चांगले उदाहरण दुसरे मिळणार नाही, पण तो विषय वेगळा.

पहिला आक्षेप नेहमीचा: लहान वयात पैशाचा नाद नको. ही भीती खरी असती, तर मुले पैशापासून खरोखरच लांब असायला हवी होती. गुलमंडीतल्या कोणत्याही दुकानाबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. मूल मागते, आई फोन पुढे करते, भोंग्यातून रक्कम जाहीर होते आणि पिशवी हातात येते. नोट संपताना दिसत नाही, सुटे पैसे परत येत नाहीत, आणि महिन्याच्या पंचविसाला घरात नेमके काय उरले आहे हे मुलाला कळायला काही मार्गच नसतो. पैशाचा नाद लागतो तो असा, पैसा न दिसता वस्तू दिसत राहिल्याने. हाताने मोजलेले वीस रुपये त्या नादावरचा उतारा आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मुलाला खरोखरच मोकळीक दिली तर ते देणार नाही, उडवेल. हो, काही मुले काही महिने उडवतील. उडवू द्यावेत. इथे मला आपल्या शहराला माहीत असलेल्या एका प्रकरणाची आठवण करून द्यावीशी वाटते. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या आणि कष्टकरी घरांत एकाएकी मोबदल्याच्या मोठ्या रकमा आल्या. त्यानंतर भरघोस परताव्याच्या आमिषाने अनेक शेतकऱ्यांचा हा पैसा ‘तीस-तीस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत गेला आणि पुढे गुन्हे दाखल झाले. दोष फसवणाऱ्याचाच, फसलेल्याला शहाणपणा शिकवण्याचा हा प्रसंग नाही. तरीही एवढे म्हणायला हवे की जन्मभर जमीन, बियाणे आणि पाऊस यांचा बिनचूक हिशेब करणाऱ्या माणसालाही मोठी रोख रक्कम हाताळण्याचा सराव कोणी कधी दिलेला नव्हता. चूक करायचीच असेल तर ती पन्नास रुपयांची असावी, दहाव्या वर्षी व्हावी आणि घरच्यांच्या डोळ्यांसमोर व्हावी. पन्नास रुपयांना मिळणारा हा धडा पुढे लाखांत पडतो.

इथे पालकांचीही एक परीक्षा आहे, आणि बहुतेक घरे तिच्यात नापास होतात. भाऊबीजेची ओवाळणी, ईदी, आजोबांनी निघताना हातात कोंबलेली नोट, हे सगळे ‘सांभाळून ठेवते’ म्हणून आईकडे जाते आणि तिथून किराण्यात मिसळते. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढायला चांगले रंग आणून देते असे मोठ्या माणसाने मुलांना सांगितले. निम्म्या मुलांना ते खरेच आणून दिले, तर निम्म्यांना ‘सॉरी, शिल्लक नाहीत’ म्हणून सांगितले. मग गोड गोळीचा प्रसिद्ध प्रश्न ठेवला: आता एक खायची की थांबून दोन घ्यायच्या? ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसवले होते, ती तीन मिनिटे. एकूण मुले अठ्ठावीसच होती, तरी एवढा फरक झटकून टाकता येत नाही. थांबण्याची, साठवण्याची ताकद मुलाच्या स्वभावात किती आणि समोरच्या मोठ्या माणसाच्या भरवशावर किती, हे यातून कळते. ज्या घरात गल्ला अडचणीला फोडला जातो आणि नंतर त्याचा उल्लेखही होत नाही, त्या घरातले मूल पैसे लगेच खर्च करत असेल तर ते अक्कलहुशारीनेच वागत आहे. अडचण प्रत्येक घराला येते. तेव्हा मुलाकडून उसने घ्यावे, किती घेतले आणि कधी देणार ते त्याच्याच वहीत लिहावे आणि त्या तारखेला परत करावे. पूर्वी शाळांमधून चालणाऱ्या संचयिकेत खातेवह्या विद्यार्थीच लिहीत. वर्गमित्राचे दोन रुपये चुकले तर चारचौघांत उत्तर द्यावे लागे. ती शिस्त घरात आणायची ती अशी. रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते उघडून चालवण्याची वाट करून दिली होती. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने ते नियम नव्याने मांडले. रकमेची मर्यादा ज्याची त्याची बँक ठरवते, आणि शिल्लक रकमेपेक्षा जास्त उचल देता येत नाही. पासबुकावर मुलाचे नाव असणे ही छोटी गोष्ट नाही.

पण ज्यांच्या घरी पगाराच्या आधी पगार संपतो, त्यांनी काय करायचे? वाळूजच्या पाळीत काम करणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या पालकाला खाऊच्या पैशांवरचे प्रवचन ऐकवण्यात अर्थ नाही, आणि गरिबीचा मुलांच्या सवयींवर होणारा परिणाम चांगल्या शिकवणीने पुसला जातो, असे मी म्हणणार नाही. मात्र मुलाच्या हाती देण्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. वह्या-पेनांसाठी, रंगांसाठी, मधल्या सुट्टीच्या वडापावसाठी जे तसेही खर्च होते, तेवढेच महिन्याला एकदा त्याच्या ताब्यात द्यायचे. मग पेन हरवले तर ते त्याचे हरवते. आणि देणे तर पैशाशिवायही जमते. बायजीपुऱ्यात युसूफ मुकाती यांनी डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली, तिचा नियम साधा होता: सदस्याने घरी जे शिजते त्यातल्या दोन ताज्या रोट्या आणि सालन आणून द्यायचे. उरलेसुरले नव्हे, ताजे. म्हणजे आपल्या ताटातले. यात वाटा उचलायला श्रीमंत असावे लागत नाही, फक्त भाकरी मोजावी लागते.

एक आक्षेप पापभीरू घरांतून येतो: गुप्तदान श्रेष्ठ, मग मुलाच्या नावाची नोंद कशाला? अहंकार वाढेल. गुप्तदानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण ज्याने ते केले त्याला तरी आपण काय दिले हे माहीत असते; ते लपवायचे असते इतरांपासून. वही मुलाच्या कप्प्यात राहते, गणेश मंडळाच्या फलकावर लागत नाही. वर्गणीच्या पावत्या घेऊन फिरणारी मुले उलट दुसऱ्याच्याच पैशावर नाव कमावायला शिकतात, ते कुणाला खटकत नाही.

राहिला अवघड भाग. मुलाने कोणाला द्यायचे, हे मुलाने ठरवायचे असेल तर ते कधीतरी आपल्याला न आवडणारे ठरवील. आजीला वाटते अन्नछत्राला द्यावे. नात म्हणते गल्लीतल्या पाय मोडलेल्या कुत्रीच्या औषधाला. बापाला समाजाच्या संस्थेला द्यायचे असते. मुलाला त्या मित्राची फी भरायची असते ज्याच्या घराशी बोलणे नाही. अशा वेळी मोठ्यांनी प्रश्न जरूर विचारावेत: पैसे पोचतील का, औषध नक्की किती रुपयांचे, डॉक्टरला विचारलेस का? उत्तरे मिळाली की बाजूला व्हावे. न पटणाऱ्या ठिकाणी मुलाने दिलेले पाच रुपये सहन झाले नाहीत, तर ते पैसे आपण त्याला दिलेच नव्हते, एवढेच त्याचे कारण. पुढच्या भागात अठरा वर्षांपर्यंतच्या खात्याचे कायदेशीर कागद आणि मुलांच्या हातातल्या फोनमधून जाणारे पैसे यांविषयी.