बदली भत्त्याची वसुली: चूक कार्यालयाची, मग पैसे कोणाचे?

बदली होऊन, घर लागून बरेच दिवस लोटतात आणि मग लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो: बदली प्रवासभत्ता जास्त दिला गेला, वसुली करावी. पगारातून मोठी रक्कम जाणार या धास्तीत सहकाऱ्यांचे सल्ले सुरू होतात. त्यातले बरेच अर्धवट खरे असतात. इथे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांपुरतं पाहू.

‘बदलीचा आदेश आहे, म्हणजे भत्ता मिळणारच.’ तसं नाही. बदली लोकहितासाठी हवी. स्वतःच्या विनंतीवरून झालेल्या बदलीला हा भत्ता नाही. शिवाय २०१७ च्या आदेशानुसार या भत्त्यातलं एकत्रित बदली अनुदान साधारणतः मूळ वेतनाच्या ८० टक्के असलं, तरी त्याच शहरात किंवा २० किलोमीटरच्या आतल्या बदलीला त्याचा एक तृतीयांशच मिळतो, तोही घर खरोखर बदललं तर. मूळ वेतन ६०,००० असेल, तर एकीकडे ४८,००० आणि दुसरीकडे १६,०००. देयक करताना एवढा एक मुद्दा नजरेतून सुटला, की ३२,००० रुपयांची वसुली मागे लागते.

‘चूक कार्यालयाची, मी फसवलेलं नाही, मग परत का करू?’ हा सर्वांत खोल रुजलेला समज. चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं, की हा करदात्यांचा पैसा आहे आणि फसवणूक नसली तरी जादा रक्कम सामान्यतः परत घेता येते. मला हे तत्त्व योग्य वाटतं. पण ते सरसकट लावलं, तर तुटपुंज्या पगाराच्या माणसाचं कंबरडं मोडतं. म्हणून २०१४ चा रफीक मसीह निकाल मोलाचा आहे. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेलं जादा प्रदान, चुकीने वरच्या पदाचं काम करायला लावून त्याचं दिलेलं वेतन, आणि वसुली अन्यायकारक ठरेल अशी इतर प्रकरणं: यांत वसुली करू नये, असं न्यायालयाने सांगितलं.

‘रफीक मसीह म्हटलं की वसुली थांबते.’ नाही. जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्यच, असं २०१६ च्या जगदेव सिंग निकालात ठरलं. फक्त ती दोन वर्षांत, झेपतील अशा हप्त्यांनी करायला सांगितलं. शिवाय हे निकाल मुख्यतः वेतनाच्या प्रकरणांतले आहेत, बदली भत्त्याच्या नव्हेत. बदलीसाठी घेतलेलं अग्रिम तर चुकीचं प्रदान नव्हेच. त्याचा हिशेब द्यायचा आणि उरलेली रक्कम भरायची, हे घेतानाच ठरलेलं असतं.

‘साहेबांनी सही केली की माफी.’ तेही नाही. कार्मिक विभागाच्या २ मार्च २०१६ च्या ज्ञापनाप्रमाणे माफीला वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाची मान्यता लागते.

मात्र कार्यालयालाही मनमानी करता येत नाही. कर्मचाऱ्याचं म्हणणं न ऐकता वेतन घटवण्याचा आदेश भगवान शुक्ला प्रकरणात १९९४ मध्येच रद्द झाला होता. तेव्हा नोटीस आली, की गप्प बसू नका. आकडेमोड लेखी मागा, बदलीचा आदेश आणि सामान वाहतुकीच्या पावत्या जोडून मुदतीत उत्तर द्या. रक्कम खरोखरच जास्त आली असेल, तर हप्ते मागा. तुम्ही वरच्या अपवादांत बसत असाल, तर माफीचा अर्ज त्याच उत्तरासोबत द्या.